काढलेली पाणवेल जाते कुठे?

गोदावरीत पाणवेली, म्हणजे जलपर्णी, काढायचं यंत्र उतरलं की पुलावर गाड्या थांबतात. लोक मोबाईल काढतात, पोरं कठड्याला लटकतात. यंत्राच्या पुढच्या पट्ट्यावरून हिरवा थर वर सरकतो, मागे काळं मोकळं पाणी उघडं पडतं आणि बघणाऱ्याला वाटतं, आता आठवडाभरात नदी साफ. मी अशा वेळी यंत्राकडे कमी आणि काठाकडे जास्त बघतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या किती उभ्या आहेत, माल उतरवायला जागा कुठे केली आहे, उतरवलेला ढीग पाण्यापासून किती लांब टाकलाय. एवढं बघितलं की त्या मोसमात नदीचं काय होणार, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

माझं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जेसीबी, पोकलेन, प्रेस मशीन, जिथे तेलाच्या दाबावर काहीतरी हलतं तिथे आमचं काम. त्याच वाटेने ही पाण्यातली यंत्रं माझ्याकडे आली. मूळ गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठी, सायखेड्याच्या खाली. त्यामुळे शहरात ज्या नदीवर मी पाना घेऊन बसतो, तिचंच पाणी पुढे आमच्या मळ्यात येतं आणि शहराने सोडून दिलेली पाणवेलही तिथेच येते. म्हणून हा विषय माझ्यासाठी फक्त धंद्याचा नाही.

आधी यंत्राबद्दल, कारण त्याच्याविषयी बरेच गैरसमज आहेत. पोकळ लोखंडी फ्लोटवर बांधलेला हा एक तराफा असतो. दोन्ही बाजूंना वल्ह्यांची मोठी चाकं आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक मोटर. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवलं की यंत्र जागच्या जागी वळतं. बोटीला असतो तसा पंखा याला चालत नाही. पाणवेलीची मुळं पंख्याला गुंडाळली की दोन मिनिटांत सगळं जाम. चाकालाही गुंडाळतात, पण चाकाचा अर्धा भाग पाण्याबाहेर असतो, हात घालून सोडवता येतं. पुढच्या बाजूला पाण्यात झुकवता येणारा जाळीचा पट्टा. त्याच्या तोंडाशी एक आडवं आणि दोन्ही कडांना दोन उभी दातेरी पाती, गव्हाच्या हार्वेस्टरला असतात तशी सरसर मागेपुढे सरकणारी. पट्टा साधारण दीड मीटर खोलीपर्यंत जातो. कापलेला माल पट्ट्यावरून मधल्या हौद्यात पडतो, हौदा भरला की यंत्र काठाला येतं आणि मागच्या पट्ट्याने माल बाहेर टाकतं.

हे यंत्र मुळात तलावाच्या तळाशी रुजून पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती कापायला घडवलेलं आहे. आपली पाणवेल तरंगती. तिच्यासाठी आडव्या पात्याचं काम कमी आणि उभ्या पात्यांचं जास्त, कारण एकेक झाड शेजारच्या झाडाला धावत्या खोडाने जोडलेलं असतं. उभी पाती बोथट असली तर यंत्र पाणवेल कापत नाही, सगळा थर ओढत बसतं. मग पट्ट्याच्या मोटरवर ताण येतो, तेल तापतं आणि आम्हाला फोन येतो.

असाच एक फोन उन्हाळ्यात आला होता. पट्टा थांबलाय, इंजिन चालू आहे, प्रेशर चढतंय पण हलत काही नाही. मी गेलो तर यंत्र घाटापासून थोडं आत उभं आणि त्यावरचा ऑपरेटर घामाने निथळत होता. मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा, पाण्याची भीती अजिबात नाही, पण यंत्रावर नवीन.

"मामा, रिलीफ व्हॉल्व्ह थोडा आवळू का? दाब वाढला तर सुटंल."

"हात लावू नको. सुटायच्या आधी होज फुटेल आणि गरम तेल तुझ्याच अंगावर येईल."

इंजिन बंद केलं, सिस्टीममधला दाब काढला आणि पट्टा वर घेऊन आधार लावला. खालच्या शाफ्टवर मांडीएवढा जाड वेढा बसला होता. सगळ्यात वर पाणवेलीची मुळं, काळी, केसाळ, गाळाने चिकट झालेली. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याखाली एक नायलॉनची साडी, दोरासारखी पिळलेली. आणि अगदी शाफ्टला लागून मासे धरायच्या जाळ्याचा बारीक तंगूस. साडी करवतीच्या पात्याने कापून निघाली. तंगूस मात्र मोटरच्या ऑइल सीलच्या, म्हणजे तेल आत धरून ठेवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठाखाली शिरला होता आणि त्याने तो ओठ पार कापला होता. सीलमधून तेल झिरपत होतं आणि यंत्राभोवती पाण्यावर रंगीत पापुद्रा पसरला होता. नदी साफ करायला आणलेल्या यंत्राचं तेल नदीतच जाताना बघून फार वाईट वाटतं. म्हणून मी अशा यंत्रांमध्ये वनस्पतीजन्य, पाण्यात विघटन होणारं हायड्रॉलिक तेलच भरावं असा आग्रह धरतो. ते महाग पडतं, आणि दर वेळी त्यावरून वाद होतो. तरी धरतो.

त्या वेढ्यातून आणखी एक गोष्ट समजते. शहरातल्या गोदावरीत पाणवेल आणि कचरा वेगळे काढता येत नाहीत. निर्माल्य, थर्माकोल, कपडे सगळं त्या थरात अडकलेलं असतं. त्यामुळे काढलेल्या मालाचं खत करायचं म्हटलं तरी आधी तो निवडायला माणसं लागतात.

आता हिशोब. दाट वाढलेल्या पाणवेलीचं एक हेक्टर म्हणजे तीनशे टनांच्या आसपास ओला माल, जुनाट थर असेल तर त्याहूनही जास्त. यंत्राच्या हौद्यात एका वेळी तीन-चार टन मावतात. म्हणजे एका हेक्टरला पाऊणशे ते शंभर फेऱ्या. हौदा भरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पण माल उतरवायची जागा अर्धा किलोमीटर लांब असेल तर जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं आणि उतरवायला वेगळी. म्हणजे दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ यंत्र कापत नाही, नुसती वाहतूक करतं. डिझेल मात्र पूर्ण वेळ जळतं. आणि काठावर ट्रॉली रिकामी नसेल तर तेवढा वेळही वाया.

ट्रॉलीचीही अडचण आहेच. पाणवेल वजनाने नव्वद-पंचाण्णव टक्के पाणी आणि आकाराने निव्वळ हवा. देठाचा फुगीर गड्डा मधोमध कापून बघा, आत स्पंजासारखे कप्पे दिसतील. हायवा ट्रक काठोकाठ भरलेला दिसतो, पण त्याच्या क्षमतेच्या पाव भागही वजन त्यात नसतं. म्हणजे भाडं पूर्ण गाडीचं आणि नेली काय तर हवा आणि पाणी. काठावरच चिरडून किंवा बारीक करून, दोन-चार दिवस निथळत ठेवून नेली तर गाड्या कितीतरी कमी लागतात. पण निथळत ठेवायला काठावर पूररेषेच्या वर जागा हवी आणि ती जागा यंत्र उतरवायच्या आधी ठरवायला हवी. ही साधी गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. बहुतेक वेळा यंत्र आधी येतं, जागेचा शोध मग सुरू होतो.

एका घाटाच्या वरच्या अंगाला मी स्वतः पाहिलेलं सांगतो. काढलेला माल पिचिंगच्या, म्हणजे काठाला रचलेल्या, दगडांवर टाकलेला होता, पाण्यापासून दोन-तीन हातांवर. वरचा थर वाळून तपकिरी झाला, त्यामुळे लांबून सगळं मेल्यासारखं वाटायचं. काठीने उकरलं तर आत ओलसर, आणि कोंब हिरवेगार. जूनमधला पहिला जोराचा पाऊस आला आणि ढिगाचा खालचा भाग घसरून परत पात्रात गेला. ठेकेदाराचं बिल तोवर निघालेलं होतं, कारण मोजमाप पाण्यावरच्या मोकळ्या झालेल्या क्षेत्रफळाचं होतं. माल कुठे गेला, हे कोणी मोजत नव्हतं.

वजनावर पैसे द्यावेत, असं यावर काही जण सुचवतात. तेही मला पटत नाही. वजनावर पैसे दिले की काम तेव्हाच परवडतं जेव्हा पाणवेल सर्वात दाट असते, म्हणजे एप्रिल-मे. आणि खरं काम तर नोव्हेंबरचं आहे.

नोव्हेंबर का, ते नीट सांगतो. पाणवेल बियांपेक्षा धावत्या खोडाने जास्त वाढते. ऊब आणि खाद्य मिळालं तर साधारण पंधरा दिवसांत तिचं क्षेत्र दुप्पट होतं. दोन महिन्यांत सोळापट, चार महिन्यांत दोनशे छप्पन्नपट. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची थंडी, त्यातून निफाडची थंडी, त्यामुळे तिची वाढ मंदावते, म्हणून प्रत्यक्षात एवढा आकडा येत नाही. पण फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की ती सुटतेच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग झाला की पात्र धुऊन निघतं. पूर ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणवेल उरते ती कोपऱ्याकापऱ्यात. बंधाऱ्याच्या आडोशाला, पुलाच्या खांबामागे, नाल्याच्या तोंडाशी, बाभळीच्या मुळांत. तेव्हा ती दोन माणसं आणि एक होडी घेऊन हाताने काढता येते. यंत्र लागतच नाही. तीच एप्रिलमध्ये हेक्टरांत मोजावी लागते.

म्हणून माझ्या मते ठेका क्षेत्रफळावरही नको आणि वजनावरही नको. नदीचा एक पट्टा ठरवून द्यावा, आनंदवलीपासून अमुक पुलापर्यंत, आणि तो वर्षभर मोकळा ठेवायचे महिन्याला पैसे द्यावेत. मग ठेकेदार आपणहून नोव्हेंबरात होडी फिरवेल, कारण ते त्याच्याच फायद्याचं असेल.

बियांचा प्रश्न मात्र राहतो. जांभळी फुलं कोमेजली की दांडा वाकून पाण्यात जातो आणि बी तळाच्या गाळात पडतं. ते तिथे पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. पाणी उतरून गाळ उघडा पडला, त्यावर ऊन लागलं आणि पुन्हा उथळ पाणी आलं की ते रुजतं. त्यामुळे पाणवेल कायमची संपवली अशी घोषणा कुणी केली तर विश्वास ठेवू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये पोचली आणि १९३६ साली तिथे तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. कायदा झाला, लोक कामाला लागले, तरी ती गेली नाही. तिला आटोक्यात ठेवता येतं, आणि तेवढं जमलं तरी पुष्कळ.

शहरातून सुटलेली पाणवेल खाली काय करते, ते गोदाकाठच्या माणसाला विचारा. पहिल्या पुराला एकलहरे, ओढा, दारणासांगवीचा संगम असं करत सगळा हिरवा लोंढा चांदोरी-सायखेड्याला येतो आणि तिथल्या पुलाच्या कमानींना अडकतो. वरून नवा थर येतच राहतो. पाण्याला जायला वाट कमी पडते, फुगवटा वाढतो आणि पाणी गावात शिरायला लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरलं त्याला मुख्य कारण पाऊस आणि विसर्ग, यात शंका नाही. पण पुलाला पाणवेलीचा बांध बसला की आहे तो पूर आणखी चढतो. भर पुरात पोकलेनचा हात लांब करून कमानी मोकळ्या करण्याइतकं जिवावरचं काम दुसरं नाही. मे महिन्यात वर नाशिकला माल काठावरून नीट लांब नेला असता तर खाली एवढा आलाच नसता, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

यावर एक उपाय मला मनापासून पटलेला आहे. पुलाच्या बऱ्याच वर, जिथे काठ सपाट आहे आणि गाडीरस्ता आहे, तिथे पात्रात तिरका तरंगता अडसर बांधायचा. प्लॅस्टिकचे पिंप, त्यांना पोलादी दोर आणि खाली हातभर जाळी. अडसर तिरका असला की प्रवाह स्वतःच सगळी पाणवेल एका काठाला आणून लावतो. तिथे जाळीच्या बकेटचं एक पोकलेन उभं केलं की पाणी गळून जातं आणि माल वर येतो. यंत्राने नदीभर फिरून माल गोळा करण्यापेक्षा नदीनेच तो आणून द्यावा. अट एकच, की मोठा विसर्ग जाहीर झाला की अडसराचं एक टोक सोडायचं. त्यासाठी ओढल्याबरोबर सुटणारा हूक आणि फोन आल्यावर रात्री-बेरात्री जाणारा जबाबदार माणूस पाहिजे.

आता नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्यामागे साचत गेलेला गाळ आणि त्या गाळावर तयार झालेली पाणथळ. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० च्या सुरुवातीला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी, पाचशेहून जास्त जातींच्या वनस्पती. रामसरच्या माहितीतही पाणवेलीचा धोका नोंदवलेला आहे. चापडगावच्या मनोऱ्यावरून थंडीत सकाळी बघितलं की वारकरी, थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक, लांब उथळ पाण्यात चमचे, आणि वर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या. मोकळं पाणी झाकलं गेलं तर यातले निम्मे पक्षी उतरणारच नाहीत. बदकाला उतरायला आणि उडायला पाणी लागतं.

पण शहरात जे यंत्र चालतं तेच जसंच्या तसं इथे चालवायला माझा ठाम विरोध आहे. मी यंत्रांवर पोट भरतो, तरीही. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटं करतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या दाट बेटात अंडी घालते. टिबुकलीचं घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा पालापाचोळ्याचा छोटा ढीग. पावसाळ्यात या सगळ्यांचा विणीचा काळ. जाळीच्या पट्ट्याला घरटं आणि पाणवेल यातला फरक कळत नाही. शिवाय मुळांच्या जाळ्यात माशांची पिल्लं, गोगलगायी, पाणकिडे असतात. पट्ट्यावरून हौद्यात पडलेले मासे मी पाहिले आहेत, बोटाएवढे, उड्या मारणारे. ऑपरेटर चांगला असेल तर पट्टा सावकाश चालवतो, म्हणजे निदान काही तरी घसरून परत पाण्यात जातात.

सगळंच काढून टाकणंही तितकंच घातक. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या पाणथळींवर वेलर आणि स्पॅचर यांनी १९६५ मध्ये मांडलेलं निरीक्षण जगभर वापरलं जातं. निम्मं मोकळं पाणी आणि निम्मी वनस्पती, आणि तीही एकमेकांत मिसळलेली असेल, तिथे पक्ष्यांची विविधता सर्वात जास्त दिसते. आपल्या देशातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. नांदूर मध्यमेश्वरला लोक कौतुकाने महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, पण खुद्द भरतपूरच्या केवलादेव उद्यानात काय झालं ते कमी जणांना माहीत असतं. तिथे १९८२ मध्ये म्हशी-गुरांना चरायला बंदी घातली. हेतू चांगला होता. पण ज्या म्हशी पाण्यातलं गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या त्या गेल्या, आणि पास्पॅलम जातीच्या गवताने उथळ पाणी भरून टाकलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातून हे पुढे आलं. चरणारी म्हैस ही तिथली जुनी, रोज चालणारी, बिनडिझेलची कापणी होती. गोदाकाठच्या गावांनाही पाणथळीतलं गवत, लव्हाळे, पाणकणीस कापून आणायची सवय होती. ती माणसं व्यवस्थापनात हवीत, कुंपणाबाहेर नकोत.

पाणकणसाचं तंत्र तर अगदी वेगळं आहे आणि ते मला फार आवडतं. पाणकणीस तळाशी गड्ड्यांनी रुजतं आणि चिखलातल्या त्या गड्ड्यांना हवा पोचते ती वरच्या पोकळ पानादेठांतून, वाळलेल्या देठांतूनसुद्धा. पाण्याच्या वर कापलं तर काही होत नाही, ते पुन्हा फुटतं. पण पाण्याखाली कापलं आणि कापलेली टोकं काही आठवडे बुडालेली राहिली तर गड्ड्यांचा श्वास कोंडतो आणि ते कुजतात. म्हणजे कापायची खोली आणि बंधाऱ्यातली पाण्याची पातळी यांचा मेळ बसला पाहिजे. कापणीनंतर लगेच कालव्याचं आवर्तन सोडलं आणि पातळी उतरली, की केलेलं काम गेलं. इथे वन खातं आणि पाटबंधारे खातं यांनी एकाच कॅलेंडरवर काम करायला हवं. यंत्रवाल्याने नुसतं यंत्र चालवून ते जमणार नाही.

अभयारण्यासाठी माझ्या मनातला क्रम असा. पाहुणे पक्षी मार्चअखेर गेले की एप्रिल-मेमध्ये छोट्या, हलक्या यंत्राने वाकडेतिकडे पट्टे मोकळे करायचे, सरसकट नाही. पाऊस लागला की थांबायचं. थंडीत यंत्र आत न्यायचं नाही. त्या काळात वर अडसरावर आणि काठावर स्थानिक होड्यांनी हाताने काढणी करायची.

औषध फवारणीचा विषय निघतोच, म्हणून दोन ओळी. फवारलेली पाणवेल जागच्या जागी मरते, बुडते, कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. मासे मरतात आणि तिच्यातलं सगळं खाद्य पाण्यातच राहतं. ज्या नदीत लोक स्नान करतात आणि जिचं पाणी द्राक्षबागांना जातं, तिथे हे नको. पाणवेल खाणारे सोंडकिडे आहेत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरला आणून सोडले आणि तिथल्या तलावांत त्यांचा उपयोग झाला. पण त्यांची संख्या वाढायला काही वर्षं लागतात. आपली नदी दर पावसाळ्यात धुऊन निघते, त्यात किडेही वाहून जातात. बंद तलावात करून बघण्यासारखी गोष्ट आहे.

आणि मूळ कारण सगळ्यांना माहीत आहे. पाणवेलीला लागणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस सांडपाण्यातून येतं, त्यात शेतातून वाहून येणाऱ्या खताची भर. तपोवन, आगर टाकळी इथे मलनिस्सारण केंद्रं आहेत, पण नेहमीच्या पद्धतीने शुद्ध केलेल्या पाण्यातही हे दोन्ही बऱ्यापैकी उरतात. ते वेगळे काढायला वेगळी प्रक्रिया लागते. तोवर पाणवेल हीच एक प्रकारे ते शोषून घेणारी आहे, आणि म्हणूनच ती पाण्याबाहेर नेऊन टाकण्याला अर्थ आहे. काढलेल्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर थोडं खाद्य नदीतून कायमचं बाहेर जातं. काठावर कुजू दिली तर तेच पुन्हा नदीत. २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे, यंत्रं येतील, पैसेही येतील. निविदेत काठाचा खर्च वेगळा दाखवलाय का, एवढं मी बघणार आहे.

वर्कशॉपमध्ये सध्या आम्ही एक गोष्ट जुळवतो आहोत. कडबाकुट्टीचं मोठं यंत्र घेतलं आहे, ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारं, आणि ते ट्रॉलीच्या तोंडाशी बसवायचं आहे. म्हणजे माल कुट्टी होऊनच ट्रॉलीत पडेल आणि एका खेपेत कितीतरी जास्त मावेल. शेणात मिसळून ढीग लावला आणि तो नीट तापला तर बी मरतं आणि खत चांगलं होतं. नंदिनीसारख्या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या नदीतला माल मात्र आधी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय शेतात टाकायचा नाही. पाणवेल जड धातू शोषून घेते, आणि ते भाजीपाल्यात जायला नकोत.

कुट्टीची अडचण मुळांची आहे. मुळांतल्या गाळाने पाती तासाभरात बोथट होतात. आत्ता पट्ट्यावर पाण्याचा फवारा मारून मुळं धुवायचा प्रयत्न चालू आहे. त्यानेही गाळ पूर्ण जात नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात पट्ट्याच्या खाली एक हलणारी जाळी लावून बघतोय. कोणाकडे जुन्या मळणी यंत्राची चाळण पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.